नाट्यगुरू गोविंद बल्लाळ देवल



१४ जून हा दिवस मराठी नाट्यसृष्टी देवल स्मृतिदिन म्हणून पाळते. त्या दिवशी ‘शारदा’कर्त्या देवलांचे स्मरण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु तालमीच्या खोलीत बसून दुसऱ्यांची नाटके उभी करणारे देवल त्या स्मरणात मागे राहतात. खरे पाहता या दोन देवलांना एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाही.

कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर हे सांगलीजवळचे त्यांचे गाव. जन्म १८५५ चा. बेळगावला शिकत असताना अण्णासाहेब किर्लोस्करांचा सहवास त्यांना लाभला आणि आयुष्याची दिशा ठरली. पुढे बेळगावातच त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. १८८० साली अण्णासाहेबांचे ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. गुरूने मांडलेला संसार पुढे चालवावयाचा तर नवी नाटके हवीत, तसेच ती पेलणारे नटही हवेत. देवलांनी ही दोन्ही कामे पत्करली.

त्या काळी नटवर्गातील अनेकांचे शालेय शिक्षण बेताचेच असे. वाक्यातील कोणत्या शब्दावर जोर द्यावयाचा, कोठे थांबावयाचे, समोरचा बोलत असता चेहऱ्यावर काय उमटावयाचे, हे सारे तोंडी शिकवावे लागे. देवलांचा कटाक्ष स्वाभाविकतेवर असे. गणपतराव बोडसांसारखा नट त्यांच्या तालमीत घडला. १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आलेले बालगंधर्व गाण्याची देणगी घेऊनच आले होते. अभिनयाचे संस्कार त्यांच्यावर देवलांनी केले.

या शिक्षकाचा हात त्यांच्या लेखनातही दिसतो. त्यांच्या सात नाटकांपैकी सहा आधारित आहेत. ‘मृच्छकटिक’ शूद्रकाचे, ‘झुंझारराव’ शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’वरून, ‘शापसंभ्रम’ बाणाच्या ‘कादंबरी’वरून. तरीही संवाद भाषांतरित वाटत नाहीत, कारण ते नटाच्या जिभेसाठी लिहिलेले आहेत.

सातवे नाटक ‘शारदा’, १८९९ चे. ते सर्वस्वी स्वतंत्र. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली कोवळी मुलगी जख्ख म्हाताऱ्या भुजंगनाथाला देऊ करतो. मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित आहेच. हे लग्न मोडते ते कशावरून, हे नीट पाहावे. वराचे वय पाहून कोणाचे मन द्रवले, असे घडत नाही. वधू-वर सगोत्र असल्याचे उघड होते, म्हणून लग्न थांबते! मुलीचा विक्रय समाजाला चालतो, सगोत्र विवाह चालत नाही. देवलांनी याहून कठोर टीका कोठे केली नसेल, आणि तीही आवाज न चढवता. जीव द्यावयास नदीकडे गेलेल्या शारदेला कोदंड वाचवतो आणि त्यांच्या विवाहाला शंकराचार्यांची संमती मिळते. धर्मपीठाला पाठ न दाखवता, त्याच्याच मुखातून देवलांनी न्याय वदवला. घराघरांतील आईबापांना हे नाटक परके वाटले नाही, याचे एक कारण हेच असावे.

जाता जाता एक गोष्ट. १९२९ चा बालविवाहविरोधी कायदा ‘शारदा कायदा’ म्हणून ओळखला जातो, म्हणून तो या नाटकावरून आला असा अनेकांचा समज आहे. वास्तविक ते नाव अजमेरच्या हरविलास सारडा यांच्यावरून पडले. त्या कायद्याने वधूचे किमान वय १४ ठरवले. ‘शारदा’ रंगभूमीवर येऊन तेव्हा ३० वर्षे झाली होती.

शेवटच्या दिवसांत देवलांनी आपल्या जुन्या गद्य ‘फाल्गुनराव’ला पदे घालून गंधर्व नाटक मंडळीसाठी ‘संशयकल्लोळ’ सिद्ध केले. संशयाने पछाडलेल्या पतिपत्नींचे असे निर्मळ हसू मराठीत विरळाच. १४ जून १९१६ रोजी ते गेले. त्यानंतर बोडसांचा फाल्गुनराव गाजला. त्या विजयाच्या वेळी त्यांना तालीम देणारा गुरू मात्र प्रेक्षागृहात नव्हता.