कचेरींतील ठरलेली वेळ



कचेरींत काम निघालें कीं तो सारा दिवस गेला असें समजून चालावयाचें, ही आपल्या घरोघरची जुनी रीत आहे. मनुष्य रजेचा अर्ज देतो, किल्ली शेजारीं ठेवतो आणि डबा बरोबर घेऊन निघतो. काम असतें अर्ध्या तासाचें, पण खर्ची पडतो दिवस. हा दिवस कोठें जातो, आणि तो वाचविण्याची जी सोय अलीकडे झाली आहे तिचें मर्म काय, याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

उदाहरणादाखल दुय्यम निबंधकाची कचेरी घेऊं. घर घेतांना किंवा मुलाबाळांस देतांना तिची पायरी चढावीच लागते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें घराचें खरेदीखत, बक्षीसपत्र असे दस्त नोंदवावे लागतात, आणि सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आंत ते कचेरींत हजर करावे लागतात. भाड्याच्या कराराची नोंद आतां महाराष्ट्रांत घरबसल्या संगणकावरून करतां येते. परंतु खरेदीखत वा बक्षीसपत्र म्हटलें कीं बहुधा समक्ष जाणें आलें. लिहून देणारा, लिहून घेणारा, ओळख पटविणारे असे चारपांच जण एका दस्तामागें लागतात. त्यांचीं छायाचित्रें आणि बोटांचे ठसे घेतले जातात. यांपैकीं एकजण उशिरा आला तरी बाकीचे अडून बसतात.

आतां एक लहानसा हिशेब करून पाहूं. समजा, एका दस्तास अर्धा तास लागतो आणि कचेरी दिवसांतून सहा तास हें काम करते. म्हणजे दिवसास बारा दस्त झाले. आपला नंबर अगोदर लागावा म्हणून बाराही मंडळी सकाळीं दहा वाजतांच दारांत येऊन उभीं राहतात. पहिल्यास थांबावें लागत नाहीं, दुसरा अर्धा तास थांबतो, आणि बाराव्यास साडेपांच तास बसावें लागतें. बारा जणांचा हा खोळंबा एकत्र केला तर ३३ तास भरतो; आणि प्रत्येक दस्तामागें पांच माणसें धरलीं तर १६५ तास! यांत कोणाचाही आळस नाहीं कीं कोणाची लबाडी नाहीं. कारकून दिवसभर इमानानें काम करीत असला तरीही हे तास वायां जातात. दोष आहे तो सर्वांनी एकाच वेळीं येण्याचा. आणि ते एकाच वेळीं येतात, कारण केव्हां यावें हें त्यांस कोणी सांगितलेलें नसतें.

माझ्या आत्याबाईंना ही गोष्ट माझ्या आधीं कळली. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ज्या भाचीनें त्यांचें दुखलेंखुपलें पाहिलें तिला आपल्या दोन खोल्या हयातींतच द्याव्या, एवढी एकच इच्छा त्यांनी धरली होती. बक्षीसपत्र तयार झालें, सही झाली आणि आम्ही दहाच्या ठोक्याला कचेरींत गेलों. कचेरी दुसऱ्या मजल्यावर. जिना चढून आत्याबाई बांकावर बसल्या, त्या चार वाजेपर्यंत बसूनच होत्या. दुपारीं संगणक बंद पडला आणि उरलेल्यांनी उद्यां यावें असें सांगण्यांत आलें. खालीं उतरतांना त्या मला म्हणाल्या, "बाळ, यायला माझी ना नाहीं रे, पण केव्हां यायचें तें कोणी सांगेल का?" त्यानंतर गुडघ्याच्या दुखण्यानें दीड महिना त्यांना अंथरूण सोडतां आलें नाहीं. इकडे चार महिन्यांची मुदत सरत होती. वयोवृद्ध वा आजारी माणसाच्या घरीं येऊन दस्त स्वीकारण्याची तरतूद याच कायद्यांत आहे, हें मला तेव्हां ठाऊक असतें तर तो जिना त्यांना पुन्हां चढावा लागला नसता. तें ठाऊक नसल्याची रुखरुख मला अद्यापि आहे.

दुसऱ्या खेपेस माझ्या मुलीनें वेळ आगाऊ ठरवून घेतली. महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-स्टेप-इन' या नांवाची सोय आहे. दस्ताची माहिती घरूनच भरावयाची, कचेरी निवडावयाची, आणि मोकळी तारीख व वेळ पाहून ती आपल्या नांवें राखून ठेवावयाची. आम्हांला साडेअकराची वेळ मिळाली. पावणेबाराला हांक आली आणि साडेबाराला आम्ही रस्त्यावर होतों. आत्याबाईंना एवढेंच नवल वाटलें कीं, आपण येणार हें कचेरीला अगोदर माहीत होतें!

परंतु ही सोय म्हणजे नुसतें यंत्र नव्हे. तो दोन्ही पक्षांनी पाळावयाचा शब्द आहे. घड्याळांतील सर्व वेळा एकाला एक लावून भरल्या तर पहिल्याचा उशीर शेवटच्यापर्यंत पोंचतो, आणि बांकावरची गर्दी पूर्ववत् होते. म्हणून मधून मधून कांहीं वेळ मोकळा सोडणें हेंच शहाणपणाचें. यंत्र बंद पडल्यास वेळ राखलेल्या माणसास दुसरी वेळ कचेरीनें आपण होऊन द्यावी. त्याला पुन्हां रांगेच्या शेवटीं धाडूं नये. नागरिकानेंही जावयाचें रहित झालें तर राखलेली वेळ तत्काळ सोडून द्यावी. ती दुसऱ्या कोणाची तरी निकड असते.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. रांगेंत कितीही दोष असले तरी तिच्या ठायीं एक गुण होता: ज्याला अक्षरओळख नाहीं असा मनुष्यही तिच्यांत उभा राहूं शकत असे. संगणकाच्या पडद्यापुढें त्याचें तसें चालत नाहीं. मग तो मध्यस्थाकडे जातो, आणि जी वेळ फुकट मिळावयाची तिचे पैसे मोजतो. यासाठीं प्रत्येक कचेरींत दिवसाचा कांहीं भाग अशा माणसांसाठीं राखलेला असावा, आणि त्याच्यातर्फे वेळ नोंदवून देणारी एक खिडकी असावी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें अधिसूचित सेवा ठराविक मुदतींत मिळण्याचा हक्क पात्र नागरिकास दिला आहे. पडदा हाताळतां येणाऱ्यांपुरताच तो हक्क उरला, तर कायद्याचा हेतु साधला असें म्हणतां येणार नाहीं.

आपल्या घरांत, शेजारांत कोणी वडीलधारें माणूस अशा कामासाठीं निघालें असेल, तर आदल्या दिवशीं त्यांच्याजवळ दहा मिनिटें बसा. कागद तपासा, वेळ नोंदवून द्या, आणि ती मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या हातीं ठेवा. जिना चढवत नसेल तर कचेरीचा माणूस घरीं येऊं शकतो का, याची चौकशी तुम्हीच करा. आपलीं दहा मिनिटें खर्च होतील. त्यांचा एक दिवस वांचेल.