निवृत्तिवेतनाचे तंटे आणि उच्च न्यायालय



भविष्यनिर्वाह निधीच्या तंट्यात निकाल विरुद्ध गेला, की ‘आता हायकोर्टात जाऊ’ हे उद्गार युनियनच्या कचेरीत हमखास ऐकू येतात. त्यामागे न्यायसंस्थेवरील विश्वास आहे, तसाच उच्च न्यायालय तेथे नेमके काय तपासते याविषयीचा गैरसमजही आहे.

१९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे मूळ सूत्र साधे आहे. पात्र वेतनाला पात्र सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि ७० ने भागावे. वेतन १०,००० आणि सेवा १४ वर्षे असेल, तर दरमहा २,००० रुपये. आता मालकाने म्हटले की पहिली पाच वर्षे हा मनुष्य आमच्या हजेरीपटावरच नव्हता, तर उरतात नऊ. मासिक निवृत्तिवेतनाला सेवा किमान दहा वर्षांची लागते. म्हणजे वाद पाच वर्षांचा असला, तरी पणाला लागते सबंध निवृत्तिवेतन.

वास्तविक, ज्या सेवेची वर्गणी मिळाली आहे ती आणि जिची मिळावयाची आहे ती, अशा दोन्ही सेवा योजनेने धरल्या आहेत. मालकाने वर्गणी थकविली एवढ्यावरून कामगाराची वर्षे बुडू नयेत. मालकाचे वकील हे पुरते जाणून असतात. म्हणून थकबाकीपेक्षा नोकरीचे नातेच नाकारणे त्यांना सोयीचे वाटते. ठेकेदारामार्फत लावलेला मजूरही १९५२ च्या कायद्याने कर्मचारीच ठरविला. परंतु तो कोण आणि किती दिवस राबला, हा प्रश्न पुराव्याचा आहे.

हा पुरावा गोळा होत असे तो त्या कायद्याच्या ७-अ कलमाखालील चौकशीत. साक्षीदार बोलाविण्याचे, कागद हजर करविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार चौकशी अधिकाऱ्याला दिलेले होते. त्यावर अपील न्यायाधिकरणाकडे. हे काम २०१७ मध्ये केंद्राच्या औद्योगिक न्यायाधिकरणांकडे सोपविण्यात आले. महाराष्ट्रात ती मुंबई व नागपूर येथे बसतात. त्यापुढे या कायद्याने अपील ठेवले नाही. उरतात घटनेचे २२६ व २२७ हे अनुच्छेद. हा अधिकार घटनादुरुस्तीनेही काढून घेता येणार नाही, असे एल. चंद्रकुमार खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने १९९७ साली ठरविले, ते योग्यच झाले.

मात्र पुनर्विलोकन म्हणजे दुसरे अपील नव्हे. सय्यद याकूब खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सीमा कधीच आखून दिली आहे: कायद्याची उघड चूक दुरुस्त होईल, वस्तुस्थितीविषयीची चूक कितीही गंभीर असली तरी होणार नाही. निष्कर्षाला पुरावाच नसेल तर गोष्ट वेगळी. सारांश, जो कागद चौकशीत दाखल झाला नाही, तो पुढे उच्च न्यायालयात उपयोगी पडेल असे धरून चालता येत नाही.

उलट बाजूनेही हेच घडते. भारतीय अन्न महामंडळाविरुद्धच्या प्रकरणात अधिकाऱ्याने ठेकेदारांना न बोलाविता, मजुरांची ओळख न पटविता आकारणी केली. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून फेरचौकशीस पाठविली. दोष चौकशीचा होता; खोळंबा मात्र मजुरांच्या वाट्याला आला.

मालकाला या वाटेचा आणखी एक लाभ आहे. न्यायाधिकरणापुढे अपील करावयाचे तर ७-ओ कलमान्वये ठरलेल्या रकमेचे ७५ टक्के आधी भरण्याची अट १९५२ च्या कायद्यात घालण्यात आली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे प्रमाण २५ टक्क्यांवर आणले गेले. ही उदारता कोणासाठी, ते सांगावयास नको. रिट अर्जाला तर अशी वैधानिक अटच नाही. पर्यायी उपाय उपलब्ध आहे म्हणून न्यायालये पुष्कळदा असा अर्ज परत पाठवितात, हे खरे. परंतु तोवर स्थगिती मिळाली तर वर्षे निघून जातात. थकबाकीवर १२ टक्के व्याजाची तरतूद ७-क्यू कलमात केलेली होती. साठी उलटलेल्या माणसाच्या वर्षांवर व्याज कोण देणार?

आणि ज्याचे निवृत्तिवेतन, तो या चौकशीत कोठे असतो? आदेशापूर्वी बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी असे ७-अ चे तिसरे पोटकलम सांगत होते, ते मालकापुरते. कामगाराचा तेथे उल्लेखच नव्हता. तेव्हा युनियनने चौकशीच्या पहिल्याच तारखेस पक्षकार करून घेण्याचा अर्ज द्यावा. सोबत नावांची यादी, वेतनचिठ्ठ्या, गेटपास, राज्य विम्याची कार्डे आणि सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. अर्ज फेटाळला गेला तर लेखी कारण मागावे, कारण तो कागदही पुढे न्यायालयापुढे जातो. मालक रिट घेऊन गेलाच, तर स्थगितीला विरोध करताना निदान आकारलेली रक्कम न्यायालयात जमा करण्याची अट पहिल्याच दिवशी मागून घ्यावी.