पंजाएवढी पकड

आज टायरविषयी थोडं बोलायचं आहे. टायर म्हटलं की आपल्याला पंक्चर आठवतं, नाहीतर दुकानदारानं सांगितलेली किंमत. एरवी त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पण एक साधं गणित करून पाहू. मोटारीचं वजन १३०० किलो धरलं, तर एका चाकावर सव्वातीनशे किलो आले. टायरमध्ये हवेचा दाब आहे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. भागाकार केला की उत्तर येतं सुमारे १४० चौरस सेंटिमीटर. म्हणजे आपला एक उघडा पंजा. एका वेळी टायरचा तेवढाच भाग रस्त्याला टेकलेला असतो. इंजिन कितीही ताकदीचं असो, ब्रेक कितीही महागडे असोत, त्यांचं सगळं काम अखेर या चार पंज्यांवर चालतं.

माझं बरंचसं आयुष्य टायरच्या धंद्यात गेलं, त्यामुळे घरात कोणी गाडी घेतली की मला फोन येतो. माझा एक भाचा जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरी करतो. त्यानं जुनी पोर्श बॉक्स्टर घेतली. दोन माणसांची, उघड्या टपाची, इंजिन पाठीमागे बसवलेली पहिल्या पिढीची गाडी. रोज शंभरेक किलोमीटर ऑटोबानवरून जाणं-येणं, कधी तो चालवणार, कधी सूनबाई. फोनवर म्हणाला, "मामा, उन्हाळी टायर घ्यायचेत. शांत हवेत आणि टिकाऊ हवेत. पकड काय, पोर्शला असतेच!"

या शेवटच्या वाक्यानं मी सावध झालो. पकड गाडीला नसते, टायरला असते. आणि शांतता, टिकाऊपणा व ओल्या रस्त्यावरची पकड ही तीन भावंडं एकमेकांच्या ताटातलं ओढून खाणारी आहेत. रबर कडक केलं की ते जास्त टिकतं, पण पावसात घसरतं. नक्षीच्या खाचा खोल आणि रुंद ठेवल्या की पाणी झटकन बाहेर पडतं, पण टायर गुणगुणायला लागतो. १९९२ साली मिशेलिन कंपनीनं काजळीऐवजी बऱ्याच प्रमाणात सिलिका, म्हणजे वाळूच्याच जातीचा पदार्थ, रबरात मिसळून टायर बाजारात आणले, तेव्हापासून ही ओढाताण बरीच सैल झाली आहे. संपलेली मात्र नाही.

उन्हाळी टायर ही काय भानगड, असं आपल्यापैकी काहींना वाटेल. आपल्याकडे बारा महिने एकच टायर चालतो, कारण आपला हिवाळा त्या रबराला हिवाळा वाटतच नाही. युरोपात पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर ताठ व्हायला लागतं. म्हणून तिकडे दोन संच ठेवतात. जर्मन लोकांनी त्याची एक सोपी खूण केली आहे, 'ओ ते ओ'. म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न, ओस्टर्न म्हणजे ईस्टर. एवढे महिने हिवाळी टायर. याचा एक फायदा असा की उन्हाळी संचाला बर्फाची काळजी करावी लागत नाही. त्यानं ऊन आणि पाऊस एवढंच सांभाळायचं.

भाच्याला मी आधी जुन्या टायरची चौकशी केली. "त्यांना काय झालंय?" तर म्हणाला, "नक्षी तर अजून भरपूर आहे, पण आवाज फार. खरं म्हणजे एखादा उन्हाळा निघेल." म्हटलं, टायरच्या बाजूवर डी-ओ-टी अशी अक्षरं शोध आणि त्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाच. त्यानं वाचले, २३१४. म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २००० सालापासून जगभर हीच पद्धत आहे आणि आपल्याकडच्या टायरवरही हे आकडे सापडतात. दहा वर्षांचं रबर! आधीच्या मालकानं गाडी हौसेनं गॅरेजात जपली होती, त्यामुळे नक्षी झिजली नाही, पण रबराचं वय काही थांबलं नाही. कितीतरी मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. कोरड्या रस्त्यावर असा टायर कुरकुर करत धावतो. त्याचं खरं रूप पावसात कळतं.

इथं आणखी एक गणित सांगतो. ताशी १०० किलोमीटरच्या वेगात ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबला. चांगला टायर दर सेकंदाला आठ मीटर प्रति सेकंद या हिशेबानं वेग कमी करतो असं धरा. दुसरा, कडक झालेला टायर साडेसहाच्या हिशेबानं. पहिली गाडी ४८ मीटरवर उभी राहील, दुसरी ५९ मीटरवर. अकराच मीटरचा फरक, असं वाटेल. पण पहिली गाडी जिथं थांबली, त्या जागी दुसरीचा वेग अजून ताशी ४३ किलोमीटर असतो. पुढे एखादा ट्रक उभा असेल तर त्या त्रेचाळिसाचा अर्थ वेगळा सांगायला नको. हे ऐकल्यावर जुना संच एक उन्हाळा काढायची भाषा बंद झाली.

आता नवे कोणते? युरोपात प्रत्येक टायरवर लेबल चिकटवलेलं असतं. २०१२ च्या नोव्हेंबरात ते आलं आणि मे २०२१ मध्ये सुधारलं. त्यात इंधनाची बचत आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई अशा श्रेणी असतात आणि आवाज डेसिबलमध्ये दिलेला असतो. भाच्यानं ६९ डेसिबलचा टायर हेरून ठेवला होता. मी म्हटलं, हा आवाज कोणी ऐकलेला? मोजणीच्या वेळी गाडी ताशी ८० किलोमीटरनं इंजिन बंद करून जाऊ देतात आणि माइक ठेवलेला असतो रस्त्याच्या कडेला, साडेसात मीटरवर. म्हणजे तो आकडा रस्त्याकाठच्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे. त्यांच्या दृष्टीनं तो महत्त्वाचाच, कारण तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. पण गाडीत बसलेल्याला काय ऐकू येईल, हे त्यावरून ठरत नाही.

गाडीतला आवाज वेगळ्या वाटेनं येतो. नक्षीचे ठोकळे एकामागून एक रस्त्यावर आपटतात. ते सगळे एकाच मापाचे असतील तर एकच सूर निघेल, भोंग्यासारखा. म्हणून कारखान्यात मुद्दाम लहानमोठे ठोकळे उलटसुलट क्रमानं बसवतात, म्हणजे सूर विखुरतो आणि नुसती सळसळ उरते. नव्या टायरची नक्षी जवळून पाहा, ही गंमत डोळ्यांना दिसते. दुसरी गोष्ट टायरच्या पोकळीतली हवा. ती साधारण दोनशे ते अडीचशे हर्ट्झला घुमते, रिकाम्या घागरीसारखी. त्यावर उपाय म्हणून काही टायरच्या आत फोमचा पट्टा चिकटवतात. घुमणं त्यानं कमी होतं. खडबडीत डांबराची किंवा आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटची घरघर मात्र फोमला फारशी दाद देत नाही. शिवाय असा टायर महाग. उघड्या टपाच्या गाडीत तर वाराच इतका बोलतो, की फोमवर पैसे घालवणं मला पटलं नाही.

मी त्याला वेगळंच सुचवलं. आधीच्या मालकानं अठरा इंची चाकं बसवली होती. पुढे २२५/४०, मागे २६५/३५. हे दुसरे आकडे टक्क्यांचे असतात. म्हणजे मागच्या टायरची भिंत २६५ च्या ३५ टक्के, जेमतेम ९३ मिलिमीटर उंच. याच गाडीला सतरा इंची चाकंही कंपनीनंच दिलेली होती, पुढे २०५/५० आणि मागे २५५/४०. भिंत १०२ मिलिमीटरच्या आसपास जाते, रुंदी थोडी कमी होते. रुंद टायर जास्त हवा दाबतो आणि जास्त बोलतो. सतरा इंची टायर स्वस्त, खड्ड्यात रिम वाकायची भीती कमी. दिसायला अठरा इंची चाकं देखणी असतात, हे मी नाकारत नाही. पण गाडीत बसल्यावर आपली चाकं आपल्याला दिसत नाहीत.

टिकाऊपणाचं काय? त्याविषयी युरोपचं लेबल काहीच सांगत नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरवर 'ट्रेडवेअर' असा आकडा असतो. टेक्ससमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर सुमारे साडेअकरा हजार किलोमीटर गाड्या पळवून, शंभर गुणांच्या नमुना टायरशी तुलना करून तो काढतात. पण श्रेणी देतो कारखानदार स्वतःच. त्यामुळे एकाच कंपनीचे दोन टायर ताडून पाहायला हा आकडा बरा, दोन कंपन्यांमध्ये निवाडा करायला कच्चा. जर्मनीत एडीएसी नावाची मोटारमालकांची मोठी संघटना आहे. ती दरवर्षी टायर विकत घेऊन तपासते, त्यात झीजही मोजते आणि आवाजही. भाच्याला मी तिचे निकाल वाचायला लावले आणि क्रम ठरवून दिला: ओल्या रस्त्यावर जे पहिल्या फळीत आहेत तेवढेच घ्यायचे, आणि मग त्यांच्यातला जास्त टिकणारा व शांत निवडायचा. उलट क्रमानं जायचं नाही. शर्यतीच्या मैदानासाठीचे टायर आपोआपच गळले. वेगाचं अक्षरही पाहायला सांगितलं. व्ही म्हणजे ताशी २४० पर्यंत, डब्ल्यू म्हणजे २७०. या गाडीला डब्ल्यूच्या खाली उतरून चालत नाही.

आणि एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. बॉक्स्टरची मागची चाकं ओढणारी, वजनही मागे जास्त, टायर पुढचे-मागचे वेगळ्या मापाचे, त्यामुळे अदलाबदल करता येत नाही. मागची जोडी आधी झिजणारच. त्यात अलाइनमेंट बिघडलेलं असलं तर ठोकळे करवतीच्या दातांसारखे झिजतात. नक्षीवरून हात फिरवा: एका दिशेनं गुळगुळीत, उलट फिरवला की बोटांना धार लागते. असा टायर चांगल्यातला चांगला असला तरी सहा महिन्यांत बेअरिंग गेल्यासारखा आवाज काढतो आणि लोक टायर कंपनीला बोल लावतात. म्हणून नवे टायर बसवले त्याच दिवशी अलाइनमेंट करून घे म्हटलं, हवा टायर गार असताना तपास, आणि पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेतानं चालव. नव्या रबरावर साच्यातला निसरडा थर असतो, तो जायला तेवढं अंतर लागतं.

टायर कधी बदलायचा, यावर कायदा म्हणतो १.६ मिलिमीटर. एडीएसी म्हणते उन्हाळी टायरला निदान तीन. एवढी बारीक मोजपट्टी कोण बाळगणार? पण एक युरोच्या नाण्याची पिवळी कड बरोबर तीन मिलिमीटर रुंद असते. नाणं खाचेत उभं धरायचं, पिवळी कड दिसू लागली की दुकान गाठायचं. सूनबाईंनी असं एक नाणं गाडीच्या कप्प्यात टाकून ठेवलं आहे आणि त्यांच्या हिशेबानं मागच्या जोडीला अजून एक पावसाळी उन्हाळा आहे.