गाबोळींतली शिदोरी

पुण्याच्या मासळीबाजारांत आषाढाच्या सुमारास रोहूच्या मादीचें पोट चिरलें म्हणजे आंत दाणेदार गाबोळी भरलेली आढळते. माघांत त्याच जातीच्या मादीच्या पोटीं दोन बारीक, फिकट पट्ट्यांवांचून फारसें कांहीं सांपडत नाहीं. चारपांच महिन्यांत एवढा ऐवज येतो कोठून? गिऱ्हाईक हा प्रश्न विचारीत नाहीं. गाबोळी तळून खातें आणि मोकळें होतें.

गाबोळी म्हणजे माशाचा अंडाशय. अंड्यांत भरलेलें पीतक मुख्यत्वें प्रथिनांचें व मेदाचें असतें. परंतु त्यांतील मुख्य प्रथिन अंडाशयांत घडतच नाहीं, ही यांतील मौज. दिवस मोठे होऊन पाणी तापूं लागलें कीं मेंदूच्या तळाशीं असलेली पीयूषिका ग्रंथि जागी होते. तिच्या संदेशानें अंडाशय एस्ट्रॅडिऑल नांवाचें संप्रेरक रक्तांत सोडतो व तें यकृताला कामास लावतें. यकृत व्हिटेलोजेनिन हें प्रथिन घडवितें, रक्त तें वाहून आणतें, आणि अंडीं तें शोषून, त्याचे तुकडे करून सांठवितात. अंडाशयांतील प्रथिनें अशीं चढत जातात. मादीच्या अंगची पुंजी मात्र झिजते. पिल्लाला चरतां येईपर्यंत हीच त्याची शिदोरी. अंडीं टाकल्यावर अंडाशय रिकाम्या पिशवीसारखा होतो.

पण पाऊस ओढला, प्रवाह आटला, तर? मादी अंडीं टाकीत नाहीं. तीं आंतच विरघळतात, प्रथिनें पुन्हां शरीरांत जिरतात आणि वर्ष वायां जातें. बंद तळ्यांतल्या रोहू-कटल्याची हीच अडचण होती. १९५७ च्या जुलैंत हिरालाल चौधरी यांनीं अंगुल येथें पीयूषिकेचा अर्क टोंचून ती दूर केली.

पुण्याचा स्वतःचा मासा दख्खनी महसीर. कर्नल साइक्स यांनीं १८३९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. हा मासा अंडीं थोडीं घालतो, पण प्रत्येकांत पीतक भरपूर. म्हणून एकेक अंडें त्याला महाग पडतें. लोणावळ्यास वळवण तलावाकांठीं टाटांच्या वीज कंपनीनें त्याचें बीज तयार करण्याचें केंद्र चालविलें, डॉ. सी. व्ही. कुळकर्णी यांचा त्या कार्यांत मोठा वांटा होता.

नदींत सांडपाणी मिसळतें तेथें आणखी एक भय असतें. इंग्लंडांतील नद्यांत १९९० नंतरच्या दशकांत नर माशांच्या रक्तांत व्हिटेलोजेनिन सांपडलें. नराला अंडीं नाहींत. मग शिदोरी कोणासाठीं? सांडपाण्याबरोबर आलेल्या स्त्रीसंप्रेरकांनीं त्यांच्या यकृतास फसविलें होतें. हीच कसोटी मुळा-मुठेंतील नरांस लावतां येण्यासारखी आहे. तिला थोडेंसें रक्त पुरतें, आणि गणेशखिंडीच्या प्रयोगशाळांना नदी कांहीं दूर नाहीं.