मुळी आणि गोळी

(कंधार येथे गाव-आरोग्य सेविकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



किनवट-माहूरकडून पहाटेची गाडी धरून आलेल्या सेविका इथं आहेत, कंधार-मुखेडच्या तांड्यांवर काम करणाऱ्याही आहेत. तुम्ही आधी लिहून पाठवलेले प्रश्न मी वाचले. निम्म्याहून जास्त बीपीचेच आहेत. त्यातला एक चार-पाच जणींनी आपापल्या शब्दांत विचारलाय. लोक म्हणतात, वैदूची मुळी बरी, दवाखान्याची गोळी नको, एकदा लागली की सुटत नाही. त्यांना काय सांगायचं?

मी डॉक्टर नाही. माझी पदविका धर्मशास्त्राची, बाकीचं शिक्षण वाड्या-तांड्यांवर फिरून झालेलं. पण या प्रश्नापायी बरंच वाचन झालं, आणि त्यात एक गोष्ट अशी सापडली की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना. रक्तदाबावरच्या सुरुवातीच्या कामाच्या गोळ्यांपैकी एक गोळी मुळीतूनच निघाली. ती मुळी आपल्या देशातली, आणि ती मोजूनमापून जगापुढे मांडली ती आपल्या मुंबईच्या एका डॉक्टरानं.

मुळीचं नाव सर्पगंधा. लहानसं झुडूप, पांढरी-गुलाबी फुलं, पिकली की काळी पडणारी फळं आणि कडूजहर मूळ. साप चावला, झोप लागत नाही, डोकं फिरलं, अशा कितीतरी तक्रारींवर लोक ती पिढ्यान्‌पिढ्या देत आले. बिहारकडे तर ती ‘पागल की दवा’ म्हणूनच विकली जायची. १९३१ साली कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की ही मुळी वेडावर चालते तशी वाढलेल्या रक्तदाबावरही चालते. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी मुळीतले घटक वेगळे काढायला सुरुवात केली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खानांच्या नावावरून ‘अजमलीन’ म्हटलं. ज्या माणसांनी ही मुळी पहिल्यांदा ओळखली त्यांची नावं मात्र कुठंच नाहीत. हे मला खटकतं.

त्या काळी रक्तदाबावर औषध जवळजवळ नव्हतंच. पुष्कळ डॉक्टर तर म्हणायचे, दाब वाढला तर वाढू द्या, अरुंद झालेल्या नळ्यांतून रक्त ढकलायला शरीराला तो लागतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलमध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दिवशी त्यांचा दाब ३००/१९० नोंदला होता. एवढा सत्तेतला माणूस, हाताशी डॉक्टर, आणि द्यायला धड गोळी नाही. आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळणारी गोळी त्यांना मिळाली नव्हती, हे जरा लक्षात ठेवा. तांड्यावर सांगायला उपयोगी पडेल.

त्यानंतर चार वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईचे हृदयविकारतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरचा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. त्यांनी ५० रुग्णांना मुळीच्या गोळ्या दिल्या, दाब पुन्हा पुन्हा मोजला, लिहून ठेवला, आणि कुणाचा किती उतरला, कुणाला काय त्रास झाला हे मांडलं. बहुतेकांचा दाब उतरला होता. मुळीची गोळी त्याआधीही बाजारात होती, आपले वैद्य-डॉक्टर ती देतही होते. पण जगानं ऐकलं ते या लेखानंतर. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतला मुख्य घटक वेगळा काढला, त्याला ‘रेसरपीन’ नाव दिलं, आणि गोळी जगभर गेली. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

म्हणजे मुळीवाले जिंकले का? थांबा, गोष्ट अजून संपलेली नाही.

लाखो लोक रेसरपीन घेऊ लागले तेव्हा नाक चोंदणं, सुस्ती अशा तक्रारी आल्याच, पण त्याहून गंभीर गोष्ट दिसली. जास्त मात्रा घेणारे काही जण खोल उदास होऊ लागले. जेवण नको, बोलणं नको, आणि काहींच्या मनात जीव द्यायचे विचार. ज्या गुणामुळं ही मुळी वेडावर चालायची, त्याचीच ही दुसरी बाजू. मज्जातंतूंच्या टोकांशी काही रसायनांचा साठा असतो, तो हे औषध रिकामा करतं. त्यामुळं नळ्या सैल पडतात, दाब उतरतो, आणि मनही उतरू शकतं. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि औषध थांबवलं तरी तो लगेच जात नाही. हे कळल्यावर मात्रा कमी केल्या गेल्या.

आता सांगा, वैदूनं उगाळून दिलेल्या मुळीत मात्रा किती हे कोण सांगणार? झाड कुठल्या मातीतलं, किती वर्षांचं, कधी खणलं यावर मुळीतला औषधी अंश बदलतो. ती मुळी सर्पगंधेचीच आहे का, हाही प्रश्न आहेच. शिवाय खणून खणून सर्पगंधा आता दुर्मिळ झाली आहे, तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. माझं स्पष्ट मत असं : वैदूबाबाला खोटं पाडायला जाऊ नका. त्याचं ज्ञान पोकळ नव्हतं हे मुंबईच्या डॉक्टरानंच दाखवून दिलंय. पण आज बीपीसाठी मुळी घेऊ नका, आणि मुळी व गोळी दोन्ही एकदम तर मुळीच नको. कुणी घेत असेल तर रागवू नका, रागावलं की माणसं लपवतात. डॉक्टरांना मात्र न विसरता सांगा.

दाब उतरतो हे कळलं, पण तो उतरवून माणूस वाचतो का? याचा पुरावा यायला १९६७ उजाडलं. अमेरिकेत डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुषांवर चाचणी केली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेली ही माणसं. साधारण निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. खऱ्या गोळ्यांत तीन औषधं होती, आणि त्यातलं एक आपलं रेसरपीन. दोन वर्षंही पुरी व्हायच्या आत फरक इतका उघड झाला की चाचणी थांबवावी लागली. बिनऔषधी गटात २७ जणांना लकवा, हृदय निकामी होणं, मृत्यू अशा गंभीर गोष्टींना तोंड द्यावं लागलं, त्यातले चार दगावले. औषधाच्या गटात असं झालं फक्त दोघांना, मृत्यू एकही नाही. त्या दिवसापासून ‘दाब वाढला तर वाढू द्या’ हे म्हणणं मागं पडलं.

हे शहराचं, खात्यापित्या लोकांचं दुखणं आहे असं अजूनही ऐकू येतं. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं २०१८ मध्ये आदिवासी आरोग्याचा अहवाल दिला. त्यात साधारण चारातल्या एका प्रौढ आदिवासीला उच्च रक्तदाब असल्याचं म्हटलंय. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेनं ८६ गावांतले मृत्यू तपासले, तर दर सातांतला एक मृत्यू लकव्यानं झालेला निघाला, आणि त्यातले बहुतेक घरीच गेलेले. आपल्याकडं म्हणतात ना, ‘अंगावरून वारं गेलं’. त्या वाऱ्याची चाहूल आधी मशीनवर दिसते, पण मशीन लावतंय कोण?

रेसरपीनचं काम आता संपल्यातच जमा आहे, जास्त सोसवणारी औषधं आली. आपल्या केंद्रात बहुधा पहिल्यांदा मिळते ती अम्लोडिपीन. काहींच्या घोट्यांना तिनं सूज येते. बाई म्हणते ‘पाय सुजले, गोळी बाधली’ आणि परस्पर बंद करते. तिला सांगा, बंद करू नको, डॉक्टरला दाखव, मात्रा किंवा गोळी बदलता येते. बाई गरोदर असेल तर हे डॉक्टरांना आधी सांगा, कारण टेल्मिसार्टनसारख्या काही गोळ्या तेव्हा चालत नाहीत. आणखी एक शंका नेहमीची : खाजगीतली महाग गोळी जास्त चांगली का? आपल्याच देशात ३२ केंद्रांवर १,९८१ रुग्णांची एक चाचणी झाली, २०२४ मध्ये तिचा निकाल आला. दोन-दोन औषधांच्या तीन वेगवेगळ्या जोड्या करून दिल्या होत्या. तिन्ही सारख्याच चालल्या, आणि सहा महिन्यांत दहातल्या साधारण सात जणांचा दाब १४०/९० च्या खाली आला. कुठली जोडी यापेक्षा रोज घेतली का, हा प्रश्न मोठा निघाला.

मोजण्याबद्दल दोनच गोष्टी. डोंगर चढून आलेल्या माणसाला लगेच पट्टा लावू नका. पाच मिनिटं टेकून बसू द्या, तंबाखू किंवा चहा झाला असेल तर अर्धा तास जाऊ द्या. आणि पट्टा झंपराच्या बाहीवरून नको, उघड्या दंडावर, हात छातीच्या पातळीला.

आता खरा घोळ. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपले तांडे रिकामे होतात. मुकादमाची उचल घेतली की कोयता उचलायचा आणि कारखान्याच्या फडावर जायचं, ते उन्हाळ्यापर्यंत. गोळी मिळते महिन्याची. फडावर ती संपते, जवळ दवाखाना असला तरी खाडा परवडत नाही, कागद गावीच राहिलेला. वर ‘आता बरं वाटतंय’ आहेच. बीपीचं दुखत नाही, म्हणून बरंच वाटणार. आमच्या एका तांड्यावरची चाळिशीतली बाई अशीच तीन महिने बिनगोळीची राहिली आणि मोळी डोक्यावर असताना पडली. आज ती उजव्या हातानं भाकरी थापू शकत नाही. तिच्या धाकट्या मुलीची शाळा सुटली ती आईचं करण्यापायी.

म्हणून या वेळी भाद्रपदातच याद्या करू. तुमच्या तांड्यावर बीपीची गोळी चालू असलेले किती, त्यातले फडावर जाणार किती, कुठल्या कारखान्याला. यादी घेऊन आपण मिळून आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांकडं जाऊ आणि जाणाऱ्यांना जास्त दिवसांच्या गोळ्या मिळतील का ते विचारू. गोळीचं नाव, मात्रा आणि शेवटचा आकडा लिहिलेली चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आधारकार्डासोबत द्यायची, म्हणजे तिकडच्या सरकारी दवाखान्यात दाखवता येईल. टोळीतल्या एखाद्या शिकलेल्या पोराचा फोन नंबर घ्या आणि महिन्यातून एकदा त्याच्यामार्फत विचारा. जेवणानंतर कोरे तक्ते वाटणार आहोत. किनवटच्या बहिणींची गाडी चारची आहे, त्यांचे आधी भरून घेऊ.