तरुणांचे कलाकेंद्र : विचार, योजना आणि निधी

(सिनेगॉगच्या वर्धापनदिनाच्या सभेत खजिनदारांनी केलेले भाषण)



आजचा दिवस आनंदाचा आहे. आपल्या सिनेगॉगच्या उभारणीसाठी ज्यांनी घाम गाळला, त्यांच्याविषयी आधीच्या वक्त्यांनी चांगले सांगितले. त्यात मी भर घालत नाही. माझ्याकडे हिशेबाचे काम आहे आणि हिशेबाचा माणूस मागे पाहतो तसा पुढेही पाहतो. पुढे पाहताना मला एकच प्रश्न दिसतो. शब्बाथच्या तफिलाला आपण येतो, आपली मुले सणाला येतात आणि नातवंडे बार मित्सवाला येतात. त्यानंतर नातवंडे कोठे जातात?

गेल्या हिवाळ्यात कार्यकारी मंडळाने आपल्या काही तरुण मुलामुलींना बोलावून विचारले, "तुम्ही येथे का येत नाही?" त्यांनी उद्धटपणा केला नाही. ती म्हणाली, "येथे आमच्यासाठी कार्यक्रम होतात, पण आम्हाला करायला काही नसते." मग त्यांनीच दोन पानी अर्ज लिहून दिला. सिनेगॉगच्या तळघरातील मिकलात आम्हाला कलाकेंद्रासाठी द्या, तेथे आम्ही चित्रे काढू, गाणी ध्वनिमुद्रित करू, शिवणकाम व भरतकाम शिकू, लहान चित्रपट तयार करू. पण ते केंद्र आम्ही चालवू, अशी त्यांची मागणी आहे. या अर्जावर पुढील सर्वसाधारण सभेत मतदान व्हायचे आहे. त्यापूर्वी सर्व बाजू आपल्यासमोर याव्यात म्हणून मी बोलत आहे.

पहिली शंका अशी की सिनेगॉगमध्ये चित्रकला, गाणेबजावणे कशाला? बंधूंनो, कला आपल्याला परकी नाही. एलियाहू हानाबीची तसबीर कोकणात आणि मुंबईत आपल्या किती घरांत होती, ते आठवा. हेखालच्या पडद्यावरील जरीचे काम, सजवलेला केतुबा आणि मेंदीच्या रात्रीची गाणी या कलाच होत. १८८० च्या सुमारास मुंबईत आपल्या लोकांनी कीर्तन स्वीकारले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत रंगवली. तोराची कथा आणि महाराष्ट्राची चाल यांचा मेळ घालणारी ती माणसेही त्या काळी नवीनच काही करीत होती. पुढे आपल्या समाजाने चित्रपटसृष्टीला डेव्हिड अब्राहम चेऊलकर यांच्यासारखा नट दिला आणि इंग्रजी कवितेला निस्सीम इझिकेल दिले. चित्रकार सिओना बेंजामिन आज जगभर ओळखल्या जातात. मग आपल्याच नातवंडांनी ब्रश हातात घेतला तर आपण का दचकावे? शब्बाथला केंद्र बंद राहील, हे मुलांनी स्वतःच अर्जात लिहिले आहे.

दुसरी शंका जागेची. मिकलात ही अडगळीची खोली नव्हे. १९५१ च्या नागरी संरक्षण कायद्यापासून या देशात आश्रयस्थाने बांधली जात आहेत. ऑक्टोबर २०२३ नंतर आणि पुन्हा जून २०२५ मध्ये त्यांची किंमत आपण सर्वांना कळली. शांततेच्या काळात अशा जागा क्लब, वर्ग, सिनेगॉग आणि कलाकारांच्या कार्यशाळा म्हणून वापरल्या जातात. मात्र त्यासाठी परवानगी लागते आणि सायरन झाला की जागा माणसांसाठी मोकळी असावी लागते. म्हणून आमच्या पोटसमितीने नियम सुचवले आहेत. टेबले व कपाटे चाकांची असावीत. दरवाजा, हवेची यंत्रणा आणि आणीबाणीचा मार्ग कधीही अडवू नये. टर्पेंटाइन, फवाऱ्याचे रंग, भट्टी असले काही आत आणू नये. पाण्यात मिसळणारे रंगच वापरावेत. दर महिन्याला एकदा जागा रिकामी करण्याचा सराव करावा. आज तेथे मोडक्या खुर्च्या आणि जुनी भांडी पडली आहेत, हे आपण जाणतोच. मुले आली तर उलट ती जागा अधिक सज्ज राहील.

तिसरी शंका सर्वांत मोठी, ती म्हणजे कारभार मुलांच्या हाती कसा द्यायचा? येथे मी एक उदाहरण देतो. अमेरिकेत बॉस्टन शहरात १९९१ साली एका चित्रकार बाईंनी शाळेतील मुलांबरोबर काम सुरू केले. प्रकल्प संपल्यावरही मुले येतच राहिली. त्यांनी टी-शर्टांवर चित्रे छापून विकली. त्यातून 'आर्टिस्ट्स फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था उभी राहिली. तेथे किशोरवयीन मुले गिऱ्हाइकांची कामे घेतात आणि त्यांना कामाचे वेतन मिळते. २००४ साली त्या संस्थेने स्वतःची इमारत बांधली. आपण तेवढे मोठे होऊ असे मी म्हणत नाही. पण काम, पैसा आणि जबाबदारी ही तिन्ही एकत्र दिली की मुले टिकतात, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे एक अडचण मात्र बॉस्टनमध्ये नाही. आपली मुले अठराव्या वर्षी लष्करात जातात. म्हणजे हुशार चालक तयार झाला की तो गणवेश घालून निघून जातो. यावर मुलांनीच उपाय सुचवला आहे. प्रत्येक पदावर दोघे असावेत, एक मोठा आणि एक त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. मोठा गेला की लहान पुढे येईल आणि नवा जोडीदार घेईल. लष्करातून परतलेले सल्लागार होतील. ही व्यवस्था मला आपल्या जुन्या जमातीच्या कारभारासारखी वाटते. मुकादम, त्याच्या हाताखाली चौगुला, पैशासाठी गब्बाय, देखरेखीला समाश अशी कामे वाटलेली असत, म्हणून एक माणूस गेला तरी जमात चालत असे.

काहींनी विचारले, मुलांनी स्वतंत्र अमुता का काढू नये? अमुतांच्या कायद्याप्रमाणे कार्यकारी मंडळावर अज्ञान व्यक्ती बसू शकत नाही. शिवाय सरकारी मदतीसाठी योग्य कारभाराचा दाखला लागतो आणि नव्या संस्थेला तो मिळेपर्यंत काळ जातो. आपल्या सिनेगॉगची अमुता जुनी आहे, हिशेब तपासलेले आहेत. म्हणून केंद्र आपल्याच अमुतेखाली असावे, पण त्याचे बँक खाते वेगळे असावे. सात तरुणांची समिती कार्यक्रम ठरवील. दोन हजार शेकेलपर्यंतचा खर्च ती आपल्या अधिकारात करील. त्यावरील खर्चाला गब्बायची संमती लागेल. प्रत्येक चेकवर दोन सह्या असतील, एक अठरा वर्षांवरील तरुणाची आणि एक गब्बायची. सुरक्षिततेच्या बाबतीत ज्येष्ठांचा शब्द अखेरचा राहील. चित्र कोणते काढावे, गाणे कोणत्या भाषेत गावे, यात आपण बोलायचे नाही. एवढे मात्र आपल्याला पाळावे लागेल.

आता पैसा. एकदाचा खर्च आमच्या अंदाजाने ७०,००० शेकेल आहे. वीज, दिवे, वातानुकूलन व फरशी यांसाठी ३८,०००. चाकांची टेबले-कपाटे १४,०००. शिवणयंत्रे, हार्मोनियम, तबला व ध्वनिमुद्रणाचे साहित्य १८,०००. वर्षाचा चालू खर्च ४२,०००. त्यात आठवड्यातून दोन संध्याकाळी, प्रत्येकी दोन तास, चाळीस आठवडे शिक्षक धरला आहे. ताशी १५० प्रमाणे ते २४,००० होतात. रंग, कापड, कागद यांना ९,०००, वीज व स्वच्छता ६,००० आणि विमा ३,०००.

जमेची बाजू अशी. साठ कुटुंबांनी महिना २५ शेकेल दिले तर वर्षाला १८,००० होतात. पंचवीस मुलांकडून महिना ३० प्रमाणे दहा महिन्यांची फी ७,५००. केतुबा, लग्नपत्रिका, भरतकाम, समारंभांचे चित्रीकरण अशा कामांतून ६,५००. एकूण ३२,०००. तूट राहते १०,००० ची. ती नगरपालिका, मतनास किंवा एखादी धर्मादाय संस्था यांच्याकडून भरून काढायची. नाही मिळाली तर? तर दोन संध्याकाळींऐवजी एकच ठेवायची. शिक्षकाचे १२,००० वाचतील आणि दार उघडे राहील. परक्याच्या पैशावर वाढ अवलंबून असावी, जीव अवलंबून नसावा, हा माझा साधा नियम आहे.

एकदाच्या ७०,००० पैकी २४,००० आपण आधी स्वतः जमवावेत असे माझे मत आहे. हात रिकामे घेऊन गेलेल्या अर्जदाराला कोणी विचारत नाही. आपल्या इतिहासातही तसेच घडले. हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत लहानशी शाळा सुरू केली. आधी शाळा दिसली, मग लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनची मदत आली आणि पुढे सर एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले. थेंबे थेंबे तळे साचे, पण पहिला थेंब आपला हवा.

प्राप्तिकराच्या कलम ४६ विषयी अनेकांनी विचारले. मान्यता असलेल्या संस्थेला ठरावीक किमान रकमेहून अधिक देणगी दिली की करात ३५ टक्के सूट मिळते. म्हणजे हजार शेकेल दिले तर ३५० करातून कमी होतात. ही मान्यता आपल्या अमुतेला अजून नाही. तिचा अर्ज याच वर्षी करावा. आपल्यापैकी ज्यांना निवृत्तिवेतनावर कर भरावा लागत नाही, त्यांना सूट मिळणार नाही. पण त्यांची कमावती मुले कर भरतात. तेव्हा मान्यता आल्यावर मोठी देणगी त्यांच्याकडून मागावी आणि महिन्याचे पंचवीस आपण द्यावेत.

बंधुभगिनींनो, पैशाहून महत्त्वाची एक देणगी फक्त आपणच देऊ शकतो. मलिदाची गाणी, लग्नातील गाणी, कीर्तनाच्या चाली ज्यांना पाठ आहेत, त्या आपल्या भगिनी आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. मुलांना मराठी थोडीफार समजते, वाचता येत नाही. त्यांच्या यादीत पहिले काम आहे आज्यांची गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे. आम्ही ते त्यांना सुचवले नव्हते. म्हणून विनंती करतो की बोलावले की जा. "माझा आवाज गेला" असे म्हणू नका. जुनी छायाचित्रे, पत्रे, हस्तलिखित वह्या द्या. मुले नक्कल करून परत करतील, पावती मिळेल. मात्र त्या गाण्याला त्यांनी हिब्रू शब्द जोडले किंवा ढोलकीऐवजी दुसरेच वाद्य लावले तर रागावू नका. गाणे कपाटात शुद्ध राहून मेले, त्यापेक्षा मुलांच्या तोंडी थोडे बदलून जगले, हे मला अधिक पसंत आहे.

आपण भारतातून आलो तेव्हा या गावात वाळू होती. तफिलासाठी खोली हवी म्हणून आपण कोणाची वाट पाहिली नाही. आज मुले आपल्याकडे एक खोली मागत आहेत, आणि ती आपल्याच पायाखाली आहे. येत्या सभेत ठरावाच्या बाजूने मत द्यावे, आणि आज जाताना दाराजवळच्या टेबलावर ठेवलेल्या वहीत आपले नाव व महिन्याचा आकडा लिहावा. पंचवीस जमत नसतील तर दहा लिहा. वही गब्बायकडे राहील आणि तिचा हिशेब पुढील वर्धापनदिनी मुलेच आपल्याला वाचून दाखवतील.

परमेश्वर आपल्या जमातीला आरोग्य आणि शांती देवो. आमेन. शलोम.