संवादाची अट : समता



सर्वधर्मसंवाद म्हटला की एक व्यासपीठ, चार धर्मांच्या प्रार्थना आणि शेवटी चहापान, असे चित्र डोळ्यांपुढे येते. रब्बी अब्राहम जोशुआ हेशेल यांच्या लेखी संवाद इतका स्वस्त नव्हता.

हेशेल १९०७ साली वॉर्सा येथे हसिदी धर्मगुरूंच्या घराण्यात जन्मले. बर्लिनमध्ये त्यांनी प्राचीन ज्यू प्रेषितांवर प्रबंध लिहिला. १९३८ साली नाझींनी त्यांना जर्मनीतून हाकलले. पोलंडवर आक्रमण होण्याच्या काही आठवडे आधी ते लंडनला निसटले आणि १९४० साली अमेरिकेत पोहोचले. मागे राहिलेली आई व बहिणी युद्धाच्या आणि नाझी संहाराच्या भक्ष्यस्थानी पडल्या.

चर्चने शतकानुशतके जोपासलेल्या ज्यूद्वेषाने या संहाराची जमीन नांगरून ठेवली होती. अशा माणसाने ख्रिस्ती जगाकडे पाठ फिरवली असती, तर त्याला दोष कोणी दिला असता? हेशेल यांनी मात्र थेट रोमचे दार ठोठावले. येशूच्या वधाचे पाप अखिल ज्यू समाजाच्या माथी मारणे चर्चने थांबवावे, ही मागणी घेऊन दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या काळात ते कार्डिनल बेआ यांच्याशी वाटाघाटी करीत राहिले.

१९६४ च्या मसुद्यात, ज्यू पुढेमागे चर्चमध्ये विलीन होतील अशी आशा डोकावली. हेशेल यांनी बजावले, की धर्मांतर की मृत्यू अशी निवड करावी लागली तर आउश्वित्झला जाणे पत्करू. त्याच सप्टेंबरात ते पोप सहावे पॉल यांना भेटले. सनातनी ज्यूंपैकी अनेकांना ही भेट रुचली नाही. अखेरीस, अनेकांच्या प्रयत्नांनी, ते वाक्य गळले आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा २२२१ विरुद्ध ८८ मतांनी संमत झाला.

समोरच्याला आपल्यात विरघळवून टाकण्याची सुप्त इच्छा बाळगून केलेले संभाषण हा संवाद नव्हे, तो सभ्य भाषेतील आक्रमणाचा प्रकार होय, हा या लढ्याचा अर्थ.

परंतु समतेचा हा आग्रह स्वतःच्या समाजापुरता राहता, तर त्याचे मोल ते किती? मार्च १९६५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठी निघालेल्या सेल्मा मोर्च्यात ते मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह पहिल्या रांगेत चालले. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध त्यांनी विविध धर्मांच्या उपदेशकांना एकत्र आणले.

डिसेंबर १९७२ मध्ये हेशेल वारले. त्यापूर्वी काही दिवस, युद्धविरोधापायी कारावास भोगलेले कॅथलिक धर्मगुरू फिलिप बेरिगन तुरुंगातून सुटले, तेव्हा हा आजारी रब्बी थंडीत दाराबाहेर त्यांच्या स्वागताला उभा होता. व्यासपीठ नव्हते, चहापानही नव्हते. संवाद मात्र होता.